छोटा रेल्वेमार्ग वाचवायचा तर मालकी कोणाची हवी?



बाजारपेठ कशावर जगते, असा प्रश्न विचारला तर आपण म्हणतो, गिऱ्हाइकावर. हे खरे आहे, पण अर्धेच. बाजारपेठ वाहतुकीवरही जगते. माल स्वस्तात येत असेल आणि स्वस्तात जात असेल तरच लाकडाची वखार, सुताचे गोदाम, भंगाराचा धंदा किंवा छोटा कारखाना टिकतो. वाहतुकीचा एक मार्ग बंद झाला की उरलेल्या मार्गाचा मालक भाव ठरवतो आणि आपण तो मुकाट्याने देतो. ज्या गावातील मालधक्का बंद पडला आहे तेथील जुन्या अडत्यांना आणि हमालांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

मुख्य रेल्वेमार्ग सहसा बंद पडत नाहीत. बंद पडतात ते फाटे, म्हणजे मुख्य मार्गापासून निघून दहा, वीस किंवा पन्नास मैलांवरच्या गावापर्यंत जाणारे छोटे रूळ. असे फाटे वाचवण्यासाठी अमेरिकेत एक उपाय निघाला. ज्या भागातून फाटा जातो तेथील जिल्ह्यांनी एकत्र येऊन सार्वजनिक प्राधिकरण स्थापायचे, रूळ आणि जमीन त्याने विकत घ्यायची आणि गाडी चालवण्याचे काम खाजगी कंपनीला कराराने द्यायचे. हा उपाय एका ठिकाणी फळला आणि दुसऱ्या ठिकाणी फसला. दोन्ही उदाहरणांतून आपल्याला शिकण्यासारखे बरेच आहे.

फाटा का मरतो?

आधी साधा हिशोब मांडू. समजा, एका छोट्या मार्गावर रुळांची देखभाल, पगार, विमा आणि इंजिनाचा खर्च मिळून वर्षाला दोन कोटी रुपये लागतात. वर्षभरात २,००० वाघिणी भरल्या तर वाघिणीमागे १०,००० रुपये खर्च पडला. एका वाघिणीत ६० टन माल धरला तर टनामागे सुमारे १६७ रुपये झाले. आता एक मोठा कारखाना ट्रककडे वळला आणि वाघिणी १,००० वर आल्या. रुळांचा खर्च काही निम्मा होत नाही. त्यामुळे वाघिणीमागे २०,००० आणि टनामागे सुमारे ३३३ रुपये खर्च येतो. भाडे वाढवावे तर उरलेले व्यापारीही जातात आणि न वाढवावे तर तोटा होतो.

येथूनच उतरण सुरू होते. कंपनी देखभालीवरचा खर्च कमी करते. स्लीपर कुजतात, गाडीचा वेग घटतो, माल वेळेवर पोहोचत नाही, म्हणून आणखी व्यापारी जातात. शेवटी कंपनी म्हणते, ‘येथे मालच नाही, मार्ग बंद करू द्या.’ माल नाही म्हणून देखभाल झाली नाही, की देखभाल झाली नाही म्हणून माल गेला, हे सांगणे मग कठीण होते. मात्र एकदा रूळ उखडले आणि जमीन तुकड्यातुकड्याने विकली गेली की तो मार्ग कायमचा गेला. वस्तीतून नवी पट्टी संपादन करून पुन्हा रूळ टाकण्याचा खर्च कोणत्याही लहान गावाला झेपत नाही.

अमेरिकेत पेच कसा पडला?

अमेरिकेतील रेल्वे प्रामुख्याने खाजगी कंपन्यांची आहे. १९७० साली पेन सेंट्रल ही प्रचंड कंपनी दिवाळखोरीत गेली. त्या देशाच्या इतिहासातील तोवरची ती सर्वांत मोठी दिवाळखोरी होती. ईशान्येकडील इतर अनेक रेल्वे कंपन्यांचीही तीच अवस्था होती. सरकारने १९७३ साली कायदा करून या बुडालेल्या कंपन्यांचे मार्ग एकत्र केले आणि १ एप्रिल १९७६ पासून ‘कॉनरेल’ नावाची नवी कंपनी सुरू झाली.

कॉनरेललाही आरंभी मोठा तोटा झाला. मग १९८० साली ‘स्टॅगर्स कायदा’ आला. त्याने रेल्वे कंपन्यांना भाडे ठरवण्याची मोकळीक दिली आणि तोट्याचे मार्ग सोडून देणे सोपे केले. १९८१ च्या आणखी एका कायद्याने कॉनरेलला नको असलेले मार्ग झपाट्याने बंद करण्याची वाट दिली. कंपनी सावरली, नफ्यात आली आणि १९८७ साली तिचे भाग जनतेला विकले गेले. पण त्याची किंमत लहान गावांनी मोजली. एकामागून एक फाटे बंद करण्याच्या यादीत येऊ लागले.

आठ जिल्ह्यांनी काय केले?

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मध्यभागी सस्क्वेहाना नदीचे खोरे आहे. चुनखडीच्या खाणी, पोलादाचे कारखाने आणि मध्यम व लहान उद्योग यांवर हा भाग जगतो. येथील फाटेही यादीत आले. तेथे ‘काउंटी’ म्हणतात ती आपल्याकडील जिल्ह्यासारखी असते. अशा आठ काउंट्यांनी १९८३ साली ‘सेडा-कॉग संयुक्त रेल्वे प्राधिकरण’ स्थापन केले. राज्यात १९४५ पासून सार्वजनिक प्राधिकरणांचा एक सामान्य कायदा होता. पाणीपुरवठा, मलनिस्सारण अशा कामांसाठी लोक त्याचा वापर करत असत. याच कायद्याचा आधार रेल्वेसाठी घेण्यात आला. प्रत्येक काउंटीचे दोन, असे सोळा सदस्यांचे मंडळ ठरले.

१९८४ साली प्राधिकरणाने कॉनरेलकडून पहिले मार्ग घेतले आणि त्यांवर नॉर्थ शोअर व निटनी अँड बाल्ड ईगल या छोट्या रेल्वे सुरू झाल्या. १९८८ साली शमोकिन व्हॅली आणि १९९६ साली लायकमिंग व्हॅली व जुनियाटा व्हॅली हे मार्ग जोडले गेले. पाच छोट्या रेल्वे मिळून हे जाळे सुमारे २०० मैलांचे, म्हणजे ३२० किलोमीटरचे झाले.

या मार्गांवर काय जाते ते पाहिले की प्रश्नाचे मोल कळते. बाल्ड ईगल मार्गावर चुनखडी आणि चुना जातो. जुनियाटा मार्गावर रेल्वेची चाके आणि आस बनवणारा जुना पोलाद कारखाना आहे. चुनखडीसारखा माल जड असतो आणि किमतीने हलका. असा माल ट्रकने दूर न्यायचा तर मालापेक्षा भाडे जड होते. लायकमिंग मार्गाची कथा तर आणखी बोलकी आहे. २००८ च्या सुमारास त्या भागात जमिनीखालच्या खडकातून नैसर्गिक वायू काढण्याचे काम जोरात सुरू झाले. त्यासाठी वाळू आणि पोलादी नळ्या लागू लागल्या आणि त्या याच मार्गाने आल्या. १९९६ साली मार्ग घेणाऱ्यांना या वायूची कल्पना असणे शक्य नव्हते. पण मार्ग जिवंत होता म्हणून धंदा आला तेव्हा तो पेलता आला. उखडलेल्या मार्गावर कोणताच नवा धंदा येत नाही.

प्राधिकरण काम कसे करते?

या व्यवस्थेचे पाच भाग आहेत.

पहिला भाग मालकीचा. रूळ, पूल आणि जमीन प्राधिकरणाची असते. ती विकून फायदा कमावण्याचा मोह त्याला नसतो, कारण त्याचे भागधारक म्हणजे त्या भागातील जनता. खाजगी मालकाला भंगाराचा भाव चढला की रूळ विकावेसे वाटतात.

दुसरा भाग खरेदीच्या किमतीचा. बंद होऊ घातलेल्या मार्गाची किंमत साधारणपणे रुळांचे लोखंड, स्लीपर आणि जमीन यांच्या विक्रीतून, काढण्याचा खर्च वजा जाता, जे येईल त्यावर धरली जाते. भंगाराच्या धंद्यातील आपल्या बांधवांना हा हिशोब लगेच समजेल. मार्ग सोडून देण्याच्या अर्जावर कोणीही खरेदीचा देकार देऊ शकतो आणि किंमत जमली नाही तर केंद्रीय नियामक मंडळ ती ठरवते. १९९५ पर्यंत हे काम आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे होते. १९९६ पासून भूपृष्ठ वाहतूक मंडळाकडे आहे.

तिसरा भाग चालकाचा. गाडी चालवणे हा सरकारी समितीचा धंदा नव्हे, हे तेथील लोकांनी ओळखले. म्हणून इंजिन, चालक, गिऱ्हाईक शोधणे आणि वसुली हे काम खाजगी कंपनीकडे कराराने दिले. मुदतीचा करार असल्यामुळे काम बिघडले तर चालक बदलता येतो आणि रूळ जागेवर राहतात.

चौथा भाग पैशाचा. सार्वजनिक संस्था असल्यामुळे प्राधिकरणाला राज्याची आणि केंद्राची अनुदाने मागता येतात व स्वस्त कर्ज मिळते. चालक कंपनी मार्ग वापरण्याचा मोबदला देते आणि तो पुन्हा रुळांत घालता येतो. पुढे छोट्या रेल्वेंना करसवलतही मिळाली. २००५ पासून रुळांच्या दुरुस्तीवर खर्च केलेल्या रकमेचा काही भाग करातून वजा होऊ लागला. २०२० च्या अखेरीस ही सवलत कायम करण्यात आली. आता ती डॉलरमागे ४० सेंट आहे आणि तिला मैलामागे कमाल मर्यादा आहे.

पाचवा भाग जोडणीचा. छोटा मार्ग शेवटी मोठ्या रेल्वेला मिळतो. मोठ्या कंपनीने वाघिणी वेळेवर घेतल्या-दिल्या नाहीत किंवा भाड्यातील वाटा कमी केला तर छोटी रेल्वे उपाशी मरते. १९९९ साली कॉनरेलचे मार्ग दोन मोठ्या कंपन्यांत वाटले गेले, तेव्हा ठिकठिकाणच्या छोट्या रेल्वेंना नव्या शेजाऱ्याशी जमवून घ्यावे लागले. एकटा व्यापारी अशा कंपनीसमोर बोलू शकत नाही. आठ जिल्ह्यांचे प्राधिकरण बोलू शकते.

मोठ्याला तोटा, छोट्याला नफा कसा?

आपल्यापैकी काहीजण विचारतील, ज्या मार्गावर मोठ्या कंपनीला तोटा झाला तेथे छोटी कंपनी कशी जगते? जगते, कारण तिचा पसारा लहान असतो. मोठ्या कंपनीत एका गाडीवर करारानुसार चार-पाच माणसे असत, छोटी रेल्वे दोघांत काम भागवते. तोच माणूस सकाळी गाडी चालवतो आणि दुपारी रुळावरची झाडी कापतो. वेगाचा हव्यास नसतो. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे सर्वांत खालच्या दर्जाच्या रुळावर मालगाडी ताशी १० मैलांनी चालवता येते. दगड आणि चुना यांना तेवढा वेग पुरतो.

सर्वांत मोठा फरक गिऱ्हाइकाचा. मोठ्या कंपनीच्या दृष्टीने महिन्याला पाच वाघिणी भरणारा व्यापारी म्हणजे कटकट. छोट्या रेल्वेसाठी तोच व्यापारी म्हणजे रोजी. तिचा माणूस त्याच्या गोदामावर येऊन विचारतो, गाडी केव्हा लावू? आजूबाजूचे दुकानदार आपल्या गिऱ्हाइकाला जसे ओळखतात, तसेच हे आहे. आज अमेरिकेत सुमारे ६०० छोट्या रेल्वे आहेत.

मात्र एक अडचण पैशाशिवाय सुटत नाही. पूर्वी भरलेल्या वाघिणीचे कमाल वजन २,६३,००० पौंड, म्हणजे सुमारे ११९ टन असे. नंतर मोठ्या रेल्वेंनी ते २,८६,००० पौंड, म्हणजे सुमारे १३० टन केले. जुने हलके रूळ आणि जुने पूल हे वजन पेलत नाहीत. ज्या फाट्याने रूळ आणि पूल बळकट केले नाहीत त्याच्या व्यापाऱ्याला वाघीण अर्धवट भरावी लागते आणि तेथे ट्रक पुन्हा जिंकतो. म्हणजे मार्ग विकत घेणे ही सुरुवात आहे. खरा खर्च त्यानंतर दरवर्षी येतो.

जेथे उपाय फसला

आता दुसरी बाजू. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरील रेल्वे वाचवण्यासाठी राज्याने १९८९ साली कायदा करून ‘नॉर्थ कोस्ट रेल्वे प्राधिकरण’ स्थापन केले. १९९२ साली त्याने दिवाळखोर कंपनीकडून ईल नदीच्या खोऱ्यातील मार्ग घेतला. हेतू चांगला होता. पण कायद्याने प्राधिकरण दिले आणि उत्पन्नाचे कायमचे साधन दिले नाही.

ईल नदीचे खोरे दरडींचे. दर मोठ्या पावसात रुळांखालची माती वाहून जाई. माल मुख्यतः लाकूड, आणि लाकडाच्या गिरण्या कमी होत चालल्या होत्या. १९९८ च्या वादळांनी मार्ग तोडला आणि त्याच वर्षी केंद्रीय रेल्वे सुरक्षा खात्याने आणीबाणीचा आदेश काढून मार्ग बंद केला. दक्षिणेकडील काही भागावर २०११ साली मालगाडी पुन्हा सुरू झाली, पण ईल नदीचा भाग पुन्हा कधीच उघडला नाही. शेवटी राज्याने प्राधिकरणच गुंडाळले आणि त्या जागी पायवाट व सायकलमार्ग करणारी संस्था आणली.

पेनसिल्व्हेनियात मालाची विविधता होती, कठीण डोंगरी उतार नव्हते, जिल्हे एकत्र होते आणि दुरुस्तीसाठी पैसा येत राहिला. कॅलिफोर्नियात यांपैकी जवळजवळ काहीच नव्हते. कागदावर दोन्ही ठिकाणी प्राधिकरण होते. नुसत्या नावाने रेल्वे चालत नाही.

पेनसिल्व्हेनियातही सर्व गोड झाले असे नाही. २०१४ च्या सुमारास नवा चालक निवडताना काही सदस्यांना हितसंबंधांमुळे मतदानातून बाजूला राहावे लागले. मग बहुमत उरलेल्या सदस्यांचे धरायचे की सर्व सोळांचे, असा वाद उभा राहिला. तो वर्षानुवर्षे चालला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने २०२० साली निकाल दिला. नियम आधी स्पष्ट लिहिले नाहीत तर चांगली संस्थाही कोर्टाच्या पायऱ्या झिजवते.

आपल्याकडे काय?

स्थानिक संस्थेने रेल्वेची मालकी घेणे भारताला अगदी परके नाही. इंग्रजी अमलात तंजावर जिल्हा बोर्डाने उपकराच्या पैशातून मार्ग बांधला. मायावरम ते मुत्तुपेट हा भाग १८९४ साली सुरू झाला. मालक जिल्हा बोर्ड आणि गाडी चालवणारी साउथ इंडियन रेल्वे, अशी तेथे वाटणी होती.

आपल्या विदर्भातील ‘शकुंतला’ची गोष्ट उलट आहे. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारा हा अरुंद मार्ग वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी बांधला गेला. मालकी इंग्रजी अमलातील एका खाजगी कंपनीची आणि गाडी मध्य रेल्वेची. १९९४ पर्यंत तेथे वाफेचे इंजिन होते, नंतर डिझेल आले. २०१६ साली मार्ग ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली आणि पुढच्या काही वर्षांत अरुंद रुळावरच्या गाड्या थांबल्या. स्वस्त तिकिटावर बाजाराला जाणारे कारागीर, मजूर आणि भाजीवाले यांची सोय गेली. या मार्गाचे मालक होते, चालकही होते. ज्यांची रोजी त्यावर होती त्यांना मात्र निर्णयात जागा नव्हती.

आपल्या राज्यघटनेत रेल्वे हा केंद्राचा विषय आहे. म्हणून जिल्हा परिषद उद्या उठून रूळ विकत घेऊ शकत नाही. पण भागीदारीची वाट बंद नाही. १९९० साली स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळात केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ यांनी भांडवल घातले. ‘महारेल’ ही राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालय यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी आहे. राज्य भागीदार होऊ शकते, तर त्या भागातील व्यापाऱ्यांनी आपले म्हणणे राज्यामार्फत पोहोचवावे, हे शक्य आहे आणि योग्यही आहे.

व्यापाऱ्यांनी करावयाची कामे

आमच्या मते या धड्यातून पुढील गोष्टी घ्याव्यात.

१) मालाची मोजणी करा. आपल्या बाजारात दरमहा किती टन माल येतो, किती जातो, कोणत्या गावाहून, कोणत्या हंगामात, हे व्यापारी मंडळाने वहीत मांडावे. ‘आमच्याकडे खूप माल आहे’ या वाक्यावर कोणतेही सरकार पैसा देत नाही.

२) वेळेवर जागे व्हा. गाडीची फेरी कमी झाली, मालधक्क्याची दुरुस्ती थांबली, कर्मचारी हलवले, ही आधीची लक्षणे आहेत. मार्ग बंद झाल्यावर काढलेल्या मोर्चापेक्षा आधी दिलेले निवेदन अधिक उपयोगी पडते.

३) एकाच मालावर विसंबू नका. धान्य, खत, सिमेंट, लोखंड, सूत असे वेगवेगळे व्यापारी एका समितीत आणा. एकाचा हंगाम संपला की दुसऱ्याचा सुरू व्हावा.

४) माल देण्याचा शब्द द्या आणि पाळा. रेल्वे मागायची आणि हुंडेकऱ्याने दोन रुपये कमी सांगितले की माल ट्रकवर चढवायचा, असे केले तर वरचा हिशोब लगेच उलटतो. सोय सर्वांना हवी आणि भार कोणालाच नको, असे चालत नाही.

५) मालकी, चालक आणि देखभालीचा खर्च या तीन गोष्टी कागदावर वेगवेगळ्या लिहून घ्या. दर दहा वर्षांनी पूल कोण बदलणार, याचे उत्तर पहिल्या दिवशी मिळाले पाहिजे.

६) जेथे माल खरोखर उरला नाही तेथे हट्ट करू नका. अशा वेळी निदान जमिनीची पट्टी अखंड ठेवण्याची मागणी करा. अमेरिकेत १९८३ पासून बंद मार्गाची पट्टी पायवाट म्हणून राखून ठेवता येते, म्हणजे पुढे गरज पडली तर रूळ परत टाकता येतात.

आपण रस्ता, पाणी आणि वीज यांसाठी एकत्र येतो. रेल्वे मात्र वरून येते आणि वरून जाते असे समजतो. सस्क्वेहानाच्या खोऱ्यातील दुकानदार, खाणवाले आणि कारखानदार यांनी १९८३ साली तसे समजले असते तर तेथे आज रुळांच्या जागी झाडी असती. तुमच्या गावातील मालधक्क्यावर आज एखादी वाघीण उभी असेल तर ती कोणाची आहे, कशी आली आणि उद्या येईल की नाही, याची चौकशी याच आठवड्यात करा.